चोवीस अक्षरांची जागा

विंडोजचा बिल्ड तिसऱ्यांदाही पडला तेव्हा तौसिफने खुर्ची मागे ढकलली आणि म्हणाला, "मॅडम, आता कंपायलर आपल्यावर नाही, स्वतःच्याच घरच्यांवर ओरडतोय."

आमच्या विभागप्रमुख वैशंपायन मॅडम त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. स्क्रीन वरपासून खालपर्यंत लाल होती.

"फाइल कोणाची आहे ही?"

"आपली नाही. विंडोजच्या लायब्ररीतली आहे. आपण कोणीही ती कधी उघडलेली नाही."

"मग ती आपल्या बंदीत कशी सापडली?"

तौसिफने माझ्याकडे बघितलं. बंदी लिहिली होती मी.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली आमची कंपनी सिरिंज पंप बनवायची. सलाईनच्या स्टँडला अडकवायचं, पावाच्या लादीएवढं यंत्र. आत सिरिंज बसवायची, तासाला किती औषध जायला हवं तो आकडा द्यायचा, आणि यंत्र सिरिंजचा दट्ट्या हळूहळू पुढे सरकवत राहतं. अतिदक्षता विभागात रक्तदाबाचं औषध असंच देतात. त्या वर्षी नंदुरबारकडच्या एका हॉस्पिटलात आमचा पंप लावलेल्या पेशंटचा रक्तदाब अचानक कोसळला. डॉक्टर वेळेवर आले आणि बाई वाचल्या. ड्यूटीवरच्या सिस्टरचं म्हणणं असं होतं, की पडद्यावर दर पंधरा दिसत होता, असायला हवा होता पाच, म्हणून मी कमी केला. पंपाच्या आतल्या नोंदीत मात्र दर पहिल्यापासून पाचच होता, आणि सिस्टरने तो शून्यावर नेला होता.

आमच्या प्रयोगशाळेत तसं एकदाही घडेना. हॉस्पिटलाने सिस्टरवर चौकशी लावली आणि आमचे सगळे पंप कपाटात ठेवले. त्या भागातल्या आणखी काही हॉस्पिटलांनीही तेच केलं. कंपनीने कळवलं, की खबरदारी म्हणून आम्ही सगळं जुनं सॉफ्टवेअर साफ करून नवीन देतो. शनिवारी आमच्या गाड्या निघतील.

साफ करायचं म्हणजे काय, ते मॅडमनी ठरवलं होतं. सी भाषेत स्ट्रकॉपी नावाचं एक जुनं फंक्शन आहे. एका जागेतला मजकूर ते दुसऱ्या जागेत उतरवतं, पण दुसरी जागा पुरेल का, हे विचारत नाही. मजकूर मोठा असला तर तो शेजारच्या जागेवर सांडतो आणि तिथे जे असेल ते पुसून टाकतो. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या आमच्या प्रोग्रॅममध्ये असली फंक्शन शेकड्यांनी होती. त्या कॉम्प्युटरवरून पेशंटचं नाव तारेने पंपाकडे जायचं. मोठं नाव आलं असेल आणि सांडलं असेल, असं सगळ्यांना पटलं. म्हणून मी 'बंदी' नावाची एक फाइल लिहिली. ती जोडली की स्ट्रकॉपी आणि तिची भावंडं कोणीही वापरली तर बिल्डच होणार नाही, म्हणजे कंपायलर लाल चुका दाखवून प्रोग्रॅम तयारच करणार नाही.

बिल्ड तीन होते. पंपाचा, चाचणीच्या लिनक्स मशीनचा आणि हॉस्पिटलच्या विंडोज कॉम्प्युटरचा. प्रत्येकाची स्टँडर्ड लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, वेगळी.

"त्यांच्या लायब्ररीने स्ट्रकॉपी वापरलेली नाही, मॅडम," मी म्हणाले. "नुसतं नाव घेतलंय, की असं एक फंक्शन आमच्याकडे आहे. पण बंदी नावावरच आहे, त्यामुळे तिथेही अडतं."

"मग विंडोजपुरती बंदी उठवा."

"उठवली तर सगळा कचरा आहे तिथेच बंदी नाही," मागून खैरनार सर म्हणाले.

दिगंबर खैरनार आमच्यात सगळ्यात जुने. पंपाच्या आतलं जवळजवळ सगळं सॉफ्टवेअर त्यांचं. बोलायचे कमी आणि बोलताना चष्मा पुसायचे, त्यामुळे समोरच्याला वाटायचं, हे आपल्याशी नाही, चष्म्याशी बोलतायत.

"रोहिणी, बंदीची पाटी कुठे लावलीस?"

"सगळ्यात वर. पहिली ओळ."

"म्हणून. पाहुणे यायच्या आधीच तू दाराला पाटी लावलीस, आत यायचं नाही म्हणून. आधी सगळ्या पाहुण्यांना आत घे, बसव. मग पाटी लाव. त्यानंतर जो बोलेल तो घरचाच असेल."

मी बाहेरच्या लायब्ऱ्यांच्या फाइली वर घेतल्या आणि बंदी त्यांच्याखाली ढकलली. लिनक्स हिरवा झाला. विंडोज पुन्हा पडला. एक पाहुणा उशिरा येत होता, दुसऱ्या एका फाइलच्या पोटातून. तौसिफने त्याला शोधून दुपारपर्यंत वर आणून बसवलं. मग लायब्ररीची ओरड थांबली आणि आमच्या स्वतःच्या चुका दिसायला लागल्या.

"तीनशे बारा," तौसिफ म्हणाला. "एवढ्या ठिकाणी आपण वापरलंय. अभिनंदन."

पंपाचा बिल्ड मात्र पहिल्या फटक्यात हिरवा झाला होता. एकही चूक नाही. मॅडमनी ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. "बघा. सरांनी पंपात ही फंक्शन कधीच काढून टाकलीयत. स्ट्रकॉपीच्या जागी सगळीकडे स्ट्र-एन-कॉपी घातलीय. जागा किती तेही सांगितलंय, म्हणजे सांडायचा प्रश्नच नाही. याला म्हणतात शिस्त. उरलेल्या तीनशे ठिकाणी हेच करा."

तौसिफने टाळ्या वाजवल्या. खैरनार सर चष्मा पुसत राहिले.

त्या सिस्टरचा फोन माझ्याकडे आला तो गुरुवारी. सपोर्टच्या लोकांना त्या बाईंना पुन्हा पुन्हा तेच सांगून कंटाळा आला होता. त्यांनी तो सरळ आमच्या खोलीत जोडून दिला.

"मी सिस्टर वळवी बोलते. पंपाच्या केसमधली. तुम्ही इंजिनीअर आहात ना?"

"हो, सिस्टर."

"मग तुम्हाला कळेल. तुमचे लोक म्हणतात, कॉम्प्युटरवरून नाव गेलं म्हणून झालं असेल. ताई, कॉम्प्युटर त्या दिवशी बंद होता. लाईट गेली होती ना, पंप बॅटरीवर होता. मी नाव पंपावरच टाकलं, बटणं दाबून. हे मी लिहून दिलंय, पण कोणी वाचतच नाही."

"नक्की आठवतं तुम्हाला?"

"अंगठा दुखला होता. चांगलं आठवतं." ती थोडी थांबली. "सोमवारी चौकशी आहे. आमच्या मेट्रन म्हणतात, पंधरा दिसले असं सांगू नको, घाबरून चुकलं असं सांग, म्हणजे नुसती बदली होईल. पण मला पंधराच दिसले होते. चुकलं असं कसं सांगू?"

मी म्हणाले, बघते. त्या आठवड्यात मी सगळ्यांनाच बघते म्हणत होते.

मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तीन आठवडे झाले त्याला. माणूस घाबरला की आठवणी जुळवतो. तीनशे बारामधले किती राहिले?"

"एकशे सत्तर."

खैरनार सरांनी मान वर केली. "नाव पंपावर टाकलं म्हणाली?"

"हो, सर."

ते उठून पाणी प्यायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं त्यांना कंटाळा आलाय. आम्हाला सगळ्यांनाच आला होता. तीच ओळ शोधायची, तीच बदलायची, जागेचा आकडा घालायचा, पुढे जायचं. तौसिफ मध्येच म्हणायचा, "हे काम माकडालाही जमेल." मग स्वतःच उत्तर द्यायचा, "पण माकड पगार जास्त मागेल."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी तिन्ही बिल्ड हिरवे झाले. मॅडमनी सामोसे मागवले. गाड्यांचे ड्रायव्हर खालीच होते, त्यांनाही पाठवले. कोणी आनंदाने ओरडलं वगैरे नाही. तौसिफने डोकं टेबलावर टेकलं आणि तसंच ठेवलं.

खैरनार सर माझ्या टेबलाशी आले. हातात सामोसा नव्हता.

"त्या सिस्टरला फोन लाव. नाव काय टाकलं होतं विचार."

"पेशंटचं?"

"हो. कसं टाकलं, तसंच्या तसं."

सिस्टर वळवीने पहिल्याच घंटेला फोन उचलला. मी विचारल्यावर म्हणाली, "पूर्ण नाव टाकलं. केसपेपरवर असतं तसं. चंद्रभागाबाई विश्वनाथ गिरासे. आमच्याकडे नुसतं चंद्रभागाबाई टाकून चालत नाही ताई, कधी कधी एका वॉर्डात तिघी असतात. नवऱ्याचं नाव घालावंच लागतं."

"बेड नंबर टाकला होता?" सरांनी माझ्याकडे बघत हळूच विचारलं. मी तो प्रश्न पुढे केला.

"टाकणारच ना. एक नंबर. दारापाशी आहे तो."

चाचणीच्या टेबलावर आमचा पंप कायम ठेवलेला असायचा. त्याच्यावर पेशंटचं नाव वर्षानुवर्षं एकच होतं. टेस्ट. इंग्रजी चार अक्षरं. बेड नंबर कोणी कधी टाकलाच नव्हता, कारण टेबलावर बेड कुठला. सरांनी त्याच्यात आत्ताच हिरवं झालेलं नवीन सॉफ्टवेअर भरलं. मग ती बारीक बटणं दाबत एकेक इंग्रजी अक्षर टाकायला लागले. ते पुरं व्हायला इतका वेळ लागला, की तौसिफही उठून बघायला आला.

"सर, एवढं नाव? विमानाचं तिकीट काढताय काय?"

सरांनी बेड नंबर टाकला, एक. दर टाकला, पाच. मग बटण दाबलं.

पडद्यावर नावाची पहिली चोवीस अक्षरं आली. त्यांना लागून दर होता.

पंधरा.

तौसिफ वाकून बघत होता. "हे काय?"

सरांनी दर कमी करायचं बटण दाबलं. चौदा. तेरा. बारा. अकरा. दहा. दट्ट्या हलायचा थांबला.

"आत शून्य झाला," ते म्हणाले. "बाहेर दहा दिसतायत."

"पण स्ट्रकॉपी तर पंपात कुठेच नाही," मी म्हणाले.

"नाही. स्ट्र-एन-कॉपी आहे." त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "त्याला सांगितलं, चोवीसची जागा आहे, तर तो चोवीसच उतरवतो. सांडत नाही. पण नाव मोठं असलं तर शेवटी संपल्याची खूण ठेवत नाही. जागाच उरत नाही ना खुणेला. मग वाचणाऱ्याला कळत नाही नाव कुठे संपलं. तो वाचत पुढे जातो. पुढे बेड नंबर ठेवलाय. तो एक त्याने नावातच धरला आणि पाचाच्या पुढे छापला."

खालून गाडी धुतल्याचा आवाज येत होता.

"सर," तौसिफ म्हणाला, "मग आपण या आठवड्यात तीनशे ठिकाणी..."

"हो."

"हेच घातलं."

"माझं बघून घातलं. तुझी काही चूक नाही."

ते माझ्या मशीनशी गेले. बंदीची फाइल उघडलेलीच होती. तिच्यात नावं एकाखाली एक होती. सरांनी शेवटी कर्सर नेला आणि एक ओळ टाकली, स्ट्र-एन-कॉपी. मी शेजारी उभी होते. त्यांनी विचारलं नाही आणि मीही थांबवलं नाही. मग त्यांनी तिन्ही बिल्ड एकदम चालू केले.

विंडोज आधी पडला. मग लिनक्स. मग पंप.

मॅडम केबिनमधून जवळजवळ धावत आल्या. त्यांच्या बोटांना चटणी लागली होती. "काय झालं? आत्ता तर हिरवं होतं! कोणी हात लावला?"

"मी," खैरनार सर म्हणाले.

"का?"

त्यांनी पंपाकडे बोट केलं. पडद्यावर अजून दहा दिसत होते आणि दट्ट्या थांबलेला होता. मॅडम यंत्राचं शिकलेल्या बाई, सगळं उलगडून सांगावं लागलं नाही.

"गाड्या उद्या निघतायत," त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "तिथे लोक पंपांची वाट बघतायत. दोन बेडना एक पंप आलटून पालटून वापरतायत, माहीतय तुम्हाला? फक्त पंपातली ही एक जागा नीट करू. बाकीचं पुढच्या वेळी."

"पंपात ही एक जागा नाही. एकोणचाळीस आहेत. मी काल मोजल्या."

"काल?"

"काल तिचा फोन आला तेव्हा. संशय आला होता. खात्री नव्हती." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "आणि खात्री नाही तेच बरं, असंही वाटत होतं."

"म्हणजे हे तुमचं..."

"माझंच. बारा वर्षांपूर्वी सगळ्या स्ट्रकॉपी काढल्या आणि त्यांच्या जागी हे घातलं. तेव्हा मलाही शिस्तच वाटली होती. स्ट्रकॉपी असती तर मोठं नाव आल्याबरोबर सगळंच उलथलं असतं, पंपाने शिट्टी मारली असती आणि बंद पडला असता. आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं असतं. हा बंद पडला नाही. चालू राहून खोटं दाखवत बसला."

मॅडम खुर्चीवर बसल्या. चटणीचे हात तसेच मांडीवर ठेवून.

"सोमवारी त्या सिस्टरची चौकशी आहे," मी म्हणाले.

"कायद्याच्या लोकांना विचारल्याशिवाय आपल्याला काही कळवता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात बघू."

"पुढच्या आठवड्यात तिची बदली झालेली असेल," सर म्हणाले. "पत्र आज जाऊ दे. पडदा चुकीचा दर दाखवू शकतो, आम्ही तो इथे दाखवून बघितला, एवढंच लिहा. माझी सही घ्या."

"तुमच्या सहीने गेलं तर दोष तुमच्या नावावर जाईल, खैरनार. कंपनीच्या नाही. लक्षात येतंय का?"

"तो आहेच तिथे. मी फक्त सही करतोय."

पत्र त्या दिवशी गेलं. मॅडमनी ते स्वतः टाइप केलं आणि कायद्याच्या लोकांना नंतर कळवलं. यासाठी मी त्यांना आजही मानते. गाड्या निघाल्या नाहीत. ड्रायव्हरांना सामोसे पचायच्या आतच घरी पाठवलं.

पुढे काय झालं ते सरळ आहे. एक नवीन फंक्शन लिहिलं गेलं, जे जागाही बघतं आणि शेवटची खूणही ठेवतं, आणि नाव बसलं नाही तर तसं सांगतं. प्रत्येक ठिकाणी ते हाताने घातलं, शोधा-आणि-बदला न करता. प्रत्येक ठिकाण दोघांनी वाचलं. पंपातली एकोणचाळीस ठिकाणं खैरनार सरांनी कोणाला देऊ दिली नाहीत. वाचायला मात्र मला बसवलं. प्रत्येक ओळीला विचारायचे, "नाव मोठं आलं तर?" मी सांगायचे. मग पुढची ओळ. एकदा मी वैतागून म्हणाले, "सर, प्रत्येक वेळी तेच काय विचारता?" ते म्हणाले, "बारा वर्षं एकदाही विचारलं नाही म्हणून."

गाड्या निघाल्या तेव्हा सर स्वतः नंदुरबारच्या गाडीत बसले. कंपनीने त्यांना सॉफ्टवेअरमधून काढून सर्व्हिसला टाकलं होतं. काढलं असं कोणी म्हटलं नाही. फिल्डचा अनुभव हवा, असं म्हटलं. निवृत्तीला दीड वर्ष होतं. मला मॅडमनी नवीन सॉफ्टवेअर समजावून द्यायला सोबत पाठवलं. वाटेत ते खिडकीला डोकं टेकून झोपले होते. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं.

सिस्टर वळवी माझ्यापेक्षा लहान निघाली. फोनवरच्या आवाजावरून मला वाटलं होतं, पन्नाशीची असेल. चौकशी मिटली होती. पत्र वाचून मेट्रनने फाइल बंद केली, माफी वगैरे कोणी मागितली नव्हती.

"चंद्रभागाबाई कशा आहेत?" सरांनी विचारलं.

"घरी गेल्या ना. शिव्या देत गेल्या, जेवण बेचव म्हणून." ती हसली. मग आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "पत्रावर सही कोणाची होती?"

"माझी," सर म्हणाले. "यंत्रही माझंच."

तिने मान हलवली. एक नंबरच्या बेडवर आता एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्यापाशी आम्हाला घेऊन गेली. सरांनी पंप लावला. ती बटणं दाबायला लागली आणि दोन अक्षरांनंतर थांबली.

"पूर्ण नाव टाकू?"

"पूर्ण टाका. मावलं नाही तर पंप तसं सांगेल. शेवटची अक्षरं मात्र कापेल."

"म्हणजे आडनाव जाणार."

"हो."

"जाऊ दे. आडनावाने इथे कोण हाक मारतं?"

तिने नाव टाकलं. वडिलांचं नावही टाकलं. बेड नंबर टाकला, एक. दर टाकला, पाच. पडद्यावर पाच आले. नावाच्या शेवटी एक छोटी खूण आली, नाव कापलंय अशी. मी सरांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत नव्हते.

सिस्टर वळवीही बघत नव्हती. तिने खुर्ची ओढून सिरिंजच्या बाजूला घेतली होती आणि मनगटावरचं घड्याळ समोर धरून सिरिंजवरच्या रेघा बघत बसली होती. दट्ट्या एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर कधी जातो, ते मोजत.

"आता बरोबर दाखवतंय, सिस्टर," मी म्हणाले. "पडद्यावर बघा ना."

तिने मान वर केली नाही.

"बघू दे तिला," खैरनार सर म्हणाले, आणि भिंतीला टेकून तिचं मोजून होईपर्यंत उभे राहिले.